होळीच्या आधी आलेला उन्हाळा

मे महिन्यात स्वेटर घालून चहा प्यायला येणारा माणूस मी वर्षानुवर्षं पाहिला आहे, आणि तितकीच वर्षं त्याच्यावर जळलो आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी जे केलं त्यामागं काहीतरी तत्त्व वगैरे होतं, असा कुणाचा गैरसमज व्हायचा.

चाकणच्या ज्या कंपनीत मी ग्राइंडिंग मशीन चालवतो, तिथं एक खोली कायम वीस डिग्रीवर ठेवलेली असते. आम्ही घासून काढलेले शाफ्ट शेवटी तिथं मोजतात. लोखंड तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं, म्हणून माप घ्यायचं ते एकाच तापमानाला, असा सगळीकडचा नियम आहे. आमच्या डोक्यावर पत्रा आणि त्या खोलीत बारा महिने एसी. दुपारी तिचं दार उघडलं की गार झुळूक बाहेर येते, ती अंगावर घ्यायला लोक उगाचच तिकडून पाणी प्यायला जातात. मीही जायचो, पण तोंड दुसरीकडं करून.

त्या खोलीत स्वेटर घालून बसतो तो माझा जुना जोडीदार. आम्ही एकाच आठवड्यात कामाला लागलो, शेजारशेजारच्या मशीनवर. तो चाकणजवळच्याच एका गावचा, घरचा, स्वतःच्या अंगणात आंब्याची दोन झाडं असलेला. मी बीडकडचा, तेव्हा भोसरीत चार जणांत एक खोली घेऊन राहणारा. डबा आम्ही वाटून खायचो. त्याच्या डब्यात घरचं लोणचं असायचं आणि माझ्या डब्यात मेसची डाळ, म्हणजे वाटून खाण्यात फायदा माझाच होता, हेही मला खुपायचं.

मग त्या खोलीसाठी माणूस हवा झाला. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून एकच प्रश्न विचारला, ही खोली वीस डिग्रीवर का ठेवतात? मला उत्तर येत होतं. पण मला चारचौघांत विनोद करायची खोड आहे. मी म्हणालो, साहेब आत आले की त्यांना घाम येऊ नये म्हणून. साहेब मनापासून हसले. मग त्यांनी त्याला विचारलं, त्यानं सरळ उत्तर दिलं, आणि पुढच्या सोमवारी तो गारव्यात गेला. त्या एका विनोदाचा घाम मी अजून पुसतो आहे.

बायको म्हणायची, तो एसी त्यांच्यासाठी थोडाच आहे, लोखंडासाठी आहे. ते मलाही कळत होतं, आणि त्याचंच तर जास्त वाईट वाटायचं. शिफ्ट सुरू होताना त्या खोलीतून एक पोलादी नग आणावा लागतो. त्याला मास्टर म्हणतात, तो अगदी बरोबर मापाचा असतो. मशीनवरच्या माप दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा त्याच्यावर शून्याला लावायचा आणि दहा मिनिटांच्या आत तो सही करून परत द्यायचा. एवढासा नग, पण त्याला लाकडी पेटी, आत मऊ कापड, वर एसी. मला पत्रा.

आता यातली खुबी अशी, की मास्टर असतो गार आणि मशीनवरचा शाफ्ट असतो तापलेला, फुगलेला. काटा शून्यावर येईपर्यंत घासलात, तर गार खोलीत गेल्यावर तो शाफ्ट बारीक भरतो, आणि बारीक झालेला शाफ्ट पुन्हा जाड करता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही काटा शून्याच्या थोडा अलीकडंच थांबवतो. दहा मायक्रॉन, पंधरा मायक्रॉन, कडक ऊन असेल तर वीस. पंधरा म्हणजे केसाच्या पाचव्या हिश्श्याइतकं. याला आम्ही वाढ ठेवणं म्हणतो. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. मला ज्या जुन्या माणसानं मशीन शिकवलं, त्यानं एवढंच सांगितलं होतं, की होळी पेटली की वाढ ठेवायला लागायचं.

मी मात्र लिहून ठेवत गेलो. नव्या वर्षाला टूल विकणारे लोक खिशात मावणाऱ्या डायऱ्या वाटतात, त्यात रोजची तारीख आणि त्या दिवशी ठेवलेली वाढ. हाताची मागची बाजू शाफ्टला लावायची, अंदाज घ्यायचा, आकडा टाकायचा. म्हणूनच माझा एकही शाफ्ट कधी बारीक भरला नव्हता. मला डिप्लोमा नाही, एसी नाही, पण हे होतं. डायरी कुणी मागितली तर मी ती खिशात आणखी खाली ढकलायचो.

गेल्या जूनमध्ये कंपनीत पर्यावरणाचा कार्यक्रम झाला. कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या, आणि बोलायला कोण उभा राहिला, तर आमचा स्वेटरवाला. पृथ्वी तापते आहे, उन्हाळे लांबत चालले आहेत, ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही, असं तो बोलला. वाईट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. शेवटी त्यानं साहेबांकडं एक मागणीही केली, की वर्कशॉपच्या छताला वारा खेळायची सोय करावी, माणसं फार तापतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागून मोठ्यांदा म्हणालो, "वीस डिग्रीत बसून तुला काय रे कळतं, बाहेर गरम होतंय की गार?"

कँटीन खदखदून हसलं. मला चेव आला. मी म्हणालो, आमच्या बीडकडं लहानपणी याहून ऊन होतं, तेव्हा कुणी भाषणं केली नाहीत. उन्हाळा होळीनंतर येतो, होळीनंतरच येत राहील, आणि हे मी हवेत बोलत नाही, माझ्या डायऱ्यांत सगळं लिहिलेलं आहे. साहेबांनाही ते सोयीचं पडलं. त्यांनी त्याला हसत विचारलं, उन्हाळा लांबलाय याला पुरावा काय? तुमच्या खोलीत तर रोज वीसच असतं. तो खाली बसला. घरी जाताना बसमध्ये मी खिडकीशी बसून आता राहतो ते थेरगाव येईपर्यंत मनातल्या मनात तेच पुन्हापुन्हा ऐकत होतो.

खरी गंमत अशी, की त्या डायऱ्या मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. वर्ष संपलं की डायरी कपाटावरच्या डब्यात.

या वर्षी फेब्रुवारीत घरी पहिली कुरबुर बायकोनं केली. आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापतो. तिनं डांगे चौकातून नवा माठ आणला आणि ओट्याच्या कोपऱ्यात मांडला. मी म्हणालो, होळी तरी होऊ दे. ती माठाला ओलं फडकं गुंडाळत म्हणाली, "उन्हाळा काय तुम्हाला विचारून येणार आहे का?"

त्याच आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट होती. दुपारी कामाला उभं राहायचं. पत्रा तडतडत होता, पाठीला शर्ट चिकटला होता, आणि शाफ्टला हात लावला तर तो चांगलाच तापलेला. दरवर्षीप्रमाणं माझा हात न विचारता वाढ ठेवायला गेला. इतक्यात शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, भाऊ, होळीला अजून वेळ आहे ना? तो चिडवत होता की खरंच विचारत होता, कोण जाणे. मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बोललो होतो. मी म्हणालो, आहे की. आणि काटा शून्यावर नेला. डायरीतही शून्य लिहिलं. हात सांगत होता, घाम सांगत होता, घरी माठ सांगत होता, पण मी मानायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खा लॉट त्याच मापावर घासून झाला.

दुसऱ्या दिवशी सगळे शाफ्ट बारीक भरले. एकूण एक.

साहेबांनी मला त्या खोलीत बोलावलं. इतक्या वर्षांत मी आत पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी थांबलो नव्हतो. अंगावरचा घाम गार पडला आणि इतकं बरं वाटलं, की माझं डोकंच फिरलं. हा माणूस हे सुख रोज घेतो. टेबलावर रिजेक्शनचा कागद होता, त्यात कारण लिहायचा रकाना रिकामा. साहेब म्हणाले, तुमच्या हातून असं कधी झालं नाही, मग झालं काय? आणि मी जोडीदाराकडं न बघता म्हणालो, या खोलीचाच एसी बिघडला असेल, माप चुकीचं येत असेल. एवढ्यावर थांबलो नाही. पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, मोजणी खोलीचं तापमान.

त्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होतं. खोली बंद होणार, त्या महिन्यात तिथं मोजलेला सगळा माल अडकणार, आणि दोष त्याच्या नावावर चढणार. कदाचित त्याची खुर्ची जाणार. साहेब म्हणाले, उद्या सकाळी एसीवाल्याला बोलावतो, तोवर काही हलवू नका. साहेब गेल्यावर जोडीदारानं फक्त एवढंच विचारलं, "काल वाढ किती ठेवली व्हतीस, भावा?"

मी म्हणालो, रोजच्यासारखी. आणि बाहेर आलो.

घरी जेवण गेलं नाही. सकाळी बायकोनं माठातलं पाणी दिलं, ते गार होतं, आणि का कोण जाणे, माझ्या मनाला तेच लागलं. कपाटावरचा डबा खाली काढला आणि डायऱ्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीत वाढीचा पहिला आकडा शोधला. जुन्या डायऱ्यांत तो होळीनंतर होता. मग होळीच्या आसपास. मधल्या एका वर्षी पुन्हा मागं गेला होता, तेवढ्यानं मला आशा वाटली. पण शेवटच्या काही वर्षांत तो सरळ महाशिवरात्रीच्याही अलीकडं सरकला होता. होळी दरवर्षी पुढंमागं होते म्हणून मी इंग्रजी तारखाही लावून पाहिल्या. तेच. आणि सगळं माझ्याच अक्षरात. तोंडानं मी काहीही बोललो असेन, हात मात्र दरवर्षी निमूटपणे स्वेटरवाल्याच्या बाजूनं साक्ष देत आला होता.

डायऱ्या पिशवीत घालून मी शिफ्टच्या बराच आधी कंपनीत गेलो. एसीवाला अजून यायचा होता. परवाच्या दिवसाचं पान उघडून मी जोडीदारासमोर ठेवलं. शून्य. तो शिव्या घालेल असं वाटलं होतं. त्यानं ते पान पाहिलं, मग मागचं पान, मग दुसरी डायरी उघडली, तिसरी उघडली. मी काल त्याच्यावर काय आळ घेतला हे तो विसरूनच गेल्यासारखा दिसला. मग म्हणाला, आपली शेड वाढली, मशीन वाढली, बाजूची झाडं गेली, त्याचंबी ऊन यात आसंल, समदं पृथ्वीच्या माथी मारता येणार न्हाई. मी म्हणालो, मी आता कुठं मानतोय, निदान माझ्यासाठी तरी तेवढं वजा करू नकोस. तो हसला नाही.

त्यानं कपाटातून स्वतःचं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं. रोज तीन वेळा खोलीचं तापमान लिहायचं असतं ते. पानामागून पान, वर्षामागून वर्ष, वीस. वीस. वीस. त्या सुंदर अक्षरात दुसरं काही नव्हतंच.

"माझ्याकडं हेच हाय बघ," तो म्हणाला. "उन्हाळा न्हाई, हिवाळा न्हाई. त्या दिशी साहेबांनी पुरावा मागितला, तवा काय दाखवणार व्हतो मी? पुरावा तुझ्या खिशात व्हता, राव. लई जळलो मी तुझ्यावर."

माझ्यावर कुणी जळावं असं माझ्याकडं काही आहे, हे ऐकायची मी आयुष्यभर वाट पाहिली होती. आणि होतं ते काय, तर घाम, रोजच्या रोज लिहून ठेवलेला. जिची मी एवढी लपवालपवी केली, ती डायरी जूनमध्येच टेबलावर आली असती तर छताचं काम कदाचित तेव्हाच सुरू झालं असतं. मी ज्या माणसांबरोबर तापतो, त्यांनाच मी आणखी एक उन्हाळा पत्र्याखाली ठेवलं होतं, का, तर याला टाळ्या मिळाल्या म्हणून.

साहेब आले. मी सगळं सांगितलं, डायऱ्या पुढं केल्या. ते त्या चाळत असताना मी रिजेक्शनचा कागद ओढला, कालचं कारण खोडलं आणि वर लिहिलं, 'गरम झालं होतं. ऑपरेटरनं मानलं नाही.' खाली सही केली. शेजारी मोजणाऱ्यानं सही करायची असते. त्यानं स्वेटरची बाही मागं सारली आणि सही केली. त्याची सही माझ्यापेक्षा देखणी आहे, हे मला तेव्हाही दिसलंच.