अकरा पावलं

हिल्डा मॅडम चालताना कधी खाली बघत नसत. हनुवटी वर, पाठ ताठ, नजर समोर कुठेतरी लांब. पहिल्या दिवशी मी त्यांच्या फ्लॅटची बेल वाजवली, तेव्हा अल कुसैसहून दोन बस बदलून माझे पाय सुजले होते आणि दुबईतल्या एकोणीस वर्षांच्या नर्सिंगचा मला पुरेपूर कंटाळा आला होता. दारात ही पंच्याऐंशीची गोरी बाई लिपस्टिक लावून उभी. "चपला काढू नकोस, सुनंडा," त्या म्हणाल्या. "तू घरात कुठे आहेस ते मला ऐकू येऊ दे." बाई खडूस दिसते, असं मी मनात म्हटलं.

खडूस नव्हत्या. त्यांना जवळजवळ दिसतच नव्हतं, आणि ते त्यांनी मुलापासूनही लपवलं होतं.

एके काळी त्या इंग्लंडच्या कृष्णधवल सिनेमातल्या नायिका होत्या. त्यांचे पाय चोळताना मी हे सगळं तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. लोकांची धुणी धुणाऱ्या बाईची ही मुलगी सतराव्या वर्षी स्टुडिओत आली. तिथल्या मास्तरांनी दातांत बूच धरायला लावून तिचा गावंढळ उच्चार काढून टाकला, आणि पुढे ती पडद्यावर फक्त बड्या घरच्या बायका झाली. पस्तिशीनंतर आईची कामं, मग मोलकरणीची, मग फोनच वाजेना. "नायिका म्हातारी झाली की कॅमेरा एकेक पाऊल मागे सरकतो, डिअर," त्या म्हणत, "आणि एक दिवस दाराबाहेर जातो." माझ्या मुलीने फोनवर त्यांचा एक सीन शोधून काढला. म्हणाली, "मम्मा, शी नेव्हर लुक्स डाउन!"

त्याचं कारण मॅडमनीच सांगितलं. नटाने कुठे थांबायचं तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावलेली असते. खाली बघितलं की शॉट वाया. म्हणून त्या पावलं मोजायच्या. आता घरातही तेच चाललं होतं. बेडरूमच्या दारापासून हॉलमधल्या खुर्चीपर्यंत अकरा पावलं. अकराव्यावर मी जाड चिकटपट्टीचे तीन थर लावून दिले, म्हणजे तळव्याला कळावं. नर्स म्हणून मी रॉबिनला, त्यांच्या मुलाला, सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याने बजावूनच ठेवलं होतं, "मम, ज्या दिवशी तुला एकटीला चालता येणार नाही, त्या दिवशी इंग्लंडच्या वृद्धाश्रमात." मॅडमना त्या जागेची धास्ती होती. "तिथे सगळ्यांना सहा वाजता झोपवतात," त्या म्हणायच्या.

एका शुक्रवारी रॉबिन आपल्या भारतीय डॉक्टर मित्राला चहाला घेऊन आला. चहा कसला, परीक्षाच होती. मॅडम आत तयार होत होत्या. डॉक्टर दाराजवळच्या डुगडुगत्या स्टुलावर बसायला लागला आणि मला कसंसंच झालं. आमच्या घरी पाहुणा आला की माझे वडील, अण्णा, स्वतःची खुर्ची सोडून उठायचे. हात आपोआप चालले. "सर, आप इधर बैठिए, आराम से," म्हणत मी मॅडमची खुर्ची ओढून एसीखाली नेली आणि त्याला बसवलं.

तेवढ्यात बेडरूमचं दार उघडलं. मॅडम निघाल्या. मी ओरडणार होते, पण ओरडले असते तर सगळंच उघडं पडलं असतं. नऊ, दहा, अकरा. पट्टीवर थांबून त्या हसल्या आणि उजवा हात खुर्चीचा दांडा शोधायला मागे गेला. दांडा नव्हता. हात हवेत क्षणभर राहिला, मग वर गेला आणि त्यांनी केस सारखे केले. "मी उभीच बरी," त्या म्हणाल्या. "बसून गोष्टी सांगता येत नाहीत मला."

वीस मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. किस्से सांगत, हसवत, कशाचाही आधार न घेता. मला त्यांच्या पोटऱ्या थरथरताना दिसत होत्या. जाताना डॉक्टर म्हणाला, "रिमार्केबल!" रॉबिनने त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "ओके मम, यू स्टे."

दार लागलं आणि मी धावत जाऊन त्यांना धरलं. त्या माझ्या अंगावर अक्षरशः कोसळल्या. "मॅडम, सॉरी, खुर्ची मी हटवली," मी रडत होते.

"खलास, पुरे झालं, सुनंडा." आवाज निराळाच होता. बूच धरून कमावलेला नव्हता. धुणेवालीच्या मुलीचा असावा. "तू नसती हटवलीस तरी कधीतरी हे होणारच होतं. अडुसष्ट वर्षं मी खाली न बघता चालले गं. फार दमले. रॉबिनला फोन लाव. मी इंग्लंडला जाते म्हणावं."

मी फोन लावला. माझ्या चुकीबद्दल कोणी मला बोललं नाही, तरी ती मला अजून टोचते.

महिन्याभराने एअरपोर्टवर रॉबिन सामान देत होता. मॅडम व्हीलचेअरमध्ये, लिपस्टिक लावून. त्यांनी व्हीलचेअरच्या मुठीवरचा माझा हात दाबला. "एकदा चालू दे. पट्टी लाव."

पट्टी कुठून आणणार? मी चाकं लॉक केली, त्यांना उभं केलं, त्यांच्या पावलांच्या मापाने अकरा पावलं मोजत पुढे गेले आणि वळून उभी राहिले. "मॅडम, मी इथे आहे," एवढंच म्हटलं.

त्या आल्या. हनुवटी वर, पाठ ताठ, खाली न बघता. अकराव्या पावलाला त्यांचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं, आणि तिथेच त्या थांबल्या.