गावपळणीत मागे राहिलेला मास्तर

गुरुदास मास्तर भित्रा होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कळलं तर म्हणाल, लपवलं. कुत्र्याला भ्यायचा, होडीला भ्यायचा, शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीला तर असा भ्यायचा की त्या दिवशी पोरंच त्याला सांभाळून घेत. दिवेलागणीनंतर विहिरीवर जायचं तर सोबतीला कुणीतरी हवं. कुणी नसलं तर पठ्ठ्या सकाळपर्यंत तहानलेला राहील, पण घरापुढच्या खळ्यात उतरायचा नाही.

असा हा माणूस मुंबईला जाऊन बी. ए. झाला, हेच मुळात नवल. चार वर्षं ट्रामच्या कडेकडेने, जीव मुठीत धरून तो कॉलेजात गेला. निकाल लागला आणि बाकीची मुलं नोकऱ्यांमागे लागली, तर याने पहिली बोट धरली, मालवणला उतरला आणि खाडीकाठच्या आपल्या गावात मास्तर होऊन बसला. मुंबईची पोस्टकार्डं तेवढी येत राहिली. त्याच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं होतं. कुणी वकील झालेला, कुणी इंजिनेर, कुणी डॉक्टर. नाताळच्या सुट्टीत एखाद्या गावी जाऊन डोळ्यांचं शिबिर घ्यायचं, मोतीबिंदू काढायचे, असं त्यांनी ठरवलं, आणि गाव कुठलं घ्यावं असं सगळ्या सभासदांना विचारलं. मास्तराने उलट टपाली लिहिलं, आमच्या गावी या.

जन्मात पहिल्यांदा त्याने कशात तरी आपणहून उडी घेतली होती. कारण घरात होतं. जानकीकाकी.

आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून काकीने त्याला वाढवला. काकीला मूलबाळ नव्हतं. एक डोळा देवीत गेलेला, आणि आता दुसऱ्यावर मोतीबिंदू चढत होता. ती चुलीपाशी हाताने चाचपत वावरायची, भाताऐवजी राखेत हात घालायची, आणि वर स्वतःलाच शिव्या द्यायची. मास्तर ते बघायचा. काकी आंधळी झाली तर? त्याला या जगात तेवढंच एक माणूस होतं.

आता त्याने केलेली चूक ऐका. त्या गावात गावपळण होती. दर तीनचार वर्षांनी देवाचा कौल घेतात. कौल उजवा आला की अख्खं गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा घेऊन, वेशीबाहेर जातं. तीन रात्री गावात चिटपाखरू राहत नाही. गाव तेवढे दिवस देवाचं आणि देवचाराचं, म्हणजे वेशीच्या राखणदार भुताचं. त्यात पाऊल ठेवायचं नाही. हे चौथं वर्ष चालू होतं आणि भातकापणी आटपली होती. कौल कधीही लागला असता. शाळेतल्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मास्तर शिबिरासाठी देवाला गाऱ्हाणं घालायला गावाच्या मानकऱ्यांकडे, भाई गावकरांकडे गेला, नारळ ठेवला, भाईंनी देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी व्हय म्हाराजा म्हटलं. पण यंदा गावपळण आहे का, हे मास्तराने विचारलं नाही. मुद्दाम नाही विचारलं. भाई म्हणाले असते, मगे फुडल्या वर्सा बघूया, आणि पुढच्या वर्षापर्यंत तो डोळा थांबला नसता. भित्र्या माणसाचं हे असं असतं. विचारायची भीती वाटली की तो गप्प बसतो आणि पुढे दसपट भीती ओढवून घेतो.

शिबिर मात्र झकास झालं. शाळेचे दोन वर्ग रिकामे केले. हायकोर्टातला वकील कावडीने पाणी आणत होता, इंजिनेर साहेब रोग्यांची भांडी धूत होते. गावाला त्याची इतकी मजा वाटली की बायका नुसत्या ते बघायला यायच्या. डॉक्टर रेगे हात कोपरापर्यंत धुऊन दिवसभर उभे असायचे. लांबलांबची माणसं आली, डोळे बांधून पडली, पट्ट्या सुटल्यावर रडत हसत घरी गेली. फक्त काकी तयार होईना. सुरी डोळ्यात घालणार म्हटल्यावर कुणाची हिंमत होते? शेवटच्या दिवशी मास्तर तिच्या पायाशी बसून रडला, तेव्हा ती उठली.

ऑपरेशन बरं झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. निघताना रेग्यांनी मास्तराला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हिला उठवायचं नाही, उचलायचं नाही, गाडीत तर मुळीच घालायचं नाही. डोक्याला धक्का बसला तर डोळा गेला म्हणून समजा." पट्टी सोडायला मालवणचे डॉक्टर येणार होते. मंडळी बोटीने परत गेली. शाळेत एकटी काकी उरली.

आणि दोनच दिवसांनी कौल उजवा पडला.

मास्तर भाईंकडे धावत गेला. काकीला हलवता येत नाही, देवाला सांगा, चार दिवस पुढे ढकला. भाई वाईट माणूस नव्हते. त्यांचंही तोंड उतरलं. पण ते म्हणाले, "मास्तरांनू, देवान कौल दिल्यान. आता माणसाचा काय चालणा नाय. रवलात तर तुमचा तुमी जाणा."

मास्तर भ्याला, आणि उगाच नाही. कारण असं मागे रवलेल्याचं काय होतं ते त्याने बघितलं होतं. त्याचा काका, म्हणजे काकीचा नवरा, असाच एका गावपळणीत मागे राहिला होता. बैल आजारी होता, त्याला सोडवेना. गाव परत आलं तेव्हा काका ओसरीवर तापाने फणफणत पडला होता, आणि पंधरवड्यात गेला. कुणी म्हणालं देवचार, कुणी म्हणालं हिवताप. मास्तर तेव्हा लहान होता. काकाचे ते उघडे डोळे तो विसरला नव्हता. काकी तर विसरणं शक्यच नव्हतं. गावपळण हा शब्द नुसता कानावर पडला तरी ती पट्टीबिट्टी ओढून, भिंत धरून, वेशीकडे चालू लागली असती. म्हणजे तिला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला. गाड्या कुरकुरत निघाल्या, गुरं हंबरली, पोरं ओरडली.

"गुरू, ढोल कित्याक वाजता रे?" काकीने विचारलं.

"खालच्या गावची जत्रा आसा गो. सगळी जत्रेक चललीहत."

"बरा," काकी म्हणाली.

ढोल लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. अहो, शांत गाव आणि रिकामं गाव यांत किती फरक असतो, ते मास्तराला त्या दुपारी कळलं. धूर नाही, खोकला नाही, कुठे कडी वाजत नाही. घरांची दारं ओढून घेतलेली. माडाच्या झावळीने नुसती सळसळ केली तरी तो दचके. पळावं, वेशीपर्यंत पळत सुटावं, असं दर घटकेला वाटे. मग आतून काकी पेज मागायची आणि तो चुलीकडे वळायचा.

पण नुसतं राहून भागणार नव्हतं. गाव गेलं हे काकीला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून या शहाण्याने गावाचं सोंग घेतलं. सकाळी उठून तो झाडूने सगळं अंगण खराखरा झाडी. विहिरीचा रहाट उगाचच फिरवी. रस्त्यावर जाऊन मोठ्याने म्हणे, काय बाबल्या, गाय खंय बांधलंस? आणि मग शेजारच्या बाबल्याचा घोगरा आवाज काढून स्वतःच उत्तर देई. मासेवाल्या तुळसाशी भांडण काढी, तिच्या बाजूनेही तोच भांडे. शाळेची घंटा बडवी, दुसऱ्या वर्गात जाऊन बारीक आवाजात पाढे म्हणे. रिकाम्या बाकांसमोर सतरंदाहे म्हणताना त्याचं त्यालाच भरून यायचं. मागे कुणीतरी उभं राहून ऐकतंय, असं वाटायचं. मान वळवायची मात्र छाती होत नसे.

काकी काही विचारत नव्हती. उलट तीच कामं सांगत होती. संध्याकाळ झाली, सावल्या लांबल्या की तिचे पाय दुखायला लागत. "गुरू, पाय चेप रे जरा." तो चेपत बसे. मग म्हणायची, लहानपणचं ते भजन म्हण. भजन संपलं की म्हणायची, तुझ्या मुंबैची गोष्ट सांग, त्या ट्रामची. मास्तराला वाटे, म्हातारी पडून पडून कंटाळली असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र कहर झाला. तो चुलीपाशी होता. बाहेर, विहिरीच्या अंगाला, ठक झालं. मग थांबून पुन्हा ठक. देवचार हातात काठी घेऊन वेशीवरून फिरतो, हे त्या गावात तान्ह्या पोराला ठाऊक. मास्तराच्या हातून पळी पडली. ठक. जवळ आलं की लांब गेलं तेही कळेना. तो रांगत काकीच्या खाटेपाशी गेला आणि खाटेचा पाय धरून बसला. आपण मेलो, काका गेला तसे आपणही जाणार आणि ही बिचारी पट्टी बांधून इथेच पडून राहणार, एवढंच त्याच्या मनात होतं.

काकीने चाचपत हात खाली सोडला. मान न हलवता. त्याचं डोकं सापडलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबल्याचो पोर विहिरीर खेळता वाटता. रहाटाची कळशी सोडल्यान आसतली."

कळशीच होती. सकाळी त्याने ती दोराला तशीच लटकत ठेवली होती, आणि वाऱ्याने ती काठावर आपटत होती. उजाडल्यावर त्याला दिसलं.

गाव परत आलं. पहिला कोंबडा आरवला तेव्हा मास्तर शाळेच्या पायरीवर बसून हमसून रडला. त्याला ताप भरला आणि गावाने एकमेकांकडे बघितलं. भाईंनी देवापुढे त्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, चुकलं माकलं पदरात घे म्हणून. ताप उतरला. पुढे मंडळाची शिबिरं त्या गावात बरीच झाली, पण तारीख मास्तराने कधी स्वतः ठरवली नाही. आधी भाईंना विचारायचा, मग मुंबईला कार्ड टाकायचा.

मालवणचे डॉक्टर आले, पट्टी सोडली. काकीने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मास्तर समोर उभा होता, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. तिने त्याला नीट बघून घेतलं.

डॉक्टर गेल्यावर मास्तराला राहवेना. तो तिच्यापाशी बसला आणि जत्रेची गोष्ट खोटी होती, गावपळण झाली, आपण तिला फसवलं, असं सगळं खाली मान घालून सांगून टाकलं.

"माका ठावक होता," काकी म्हणाली. "पयल्याच सकाळी कोंबो आरावलो नाय, तेवाच समाजलंय."

पाय दुखणं, भजनं, ट्रामची गोष्ट, सगळं मास्तराच्या डोळ्यांपुढून गेलं. रिकाम्या गावात बाबल्याचा आवाज काढणारा आपला गळाही आठवला.

"मगे उठलंस कित्याक नाय?" त्याने विचारलं. "तुका भय वाटूक नाय?"

"वाटला मा. तुझ्या काकाची आठवण येवन जीव जाय होतो." तिने त्याच्या गालावर हात ठेवला. "पण काळोख पडल्यार खळ्यात येकटो उतरणस नाय, तो तू. तू रवलंस, मगे मी कशी उठू?"