ग्रामसभेपुढे जर्मन: भंडारदरा, कोल्हार आणि नाव न सांगायचं एक गाव

दिवाळी झाली आणि आमच्या संस्थेनं माझी संध्याकाळची जर्मनची बॅच बंद केली. कारण काय, तर मुलं आता मोबाईलवर शिकतात. मोबाईल चुकल्यावर रागावत नाही, गृहपाठ विचारत नाही आणि उशिरा आलं तर दारात उभं करत नाही. मी हे सगळं करते. तेव्हा विद्यार्थ्यांनी कोणाला निवडलं यात नवल काहीच नाही, पण महिन्याचं गणित माझं होतं, मोबाईलचं नव्हे. खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

माझी मैत्रीण सुनीला त्याच संस्थेत जपानी शिकवते. तिच्या बॅचमध्ये मूठभर मुलं उरली होती. तिनंच भंडारदऱ्याच्या कार्यशाळेची बातमी आणली: परकीय भाषांच्या शिक्षकांसाठी नवी साधनं आणि नव्या संधी. मी म्हटलं, संधी भंडारदऱ्याला लपून बसली आहे का? ती म्हणाली, "संधी नसली तर धरण तर आहे. चल."

दुसरं एक कारण होतं, आणि ते जास्त खरं होतं. अश्विनी नावाची नगरकडची एक मुलगी माझ्याकडे ऑनलाइन शिकायची. कोल्हारजवळच्या एका रुग्णालयात नर्स. तिला जर्मनीत नोकरी मिळण्यासारखी होती, पण त्याआधी भाषेची अवघड परीक्षा. ऑनलाइन तासाला तिचा चेहरा कायम अर्ध्या वाक्यावर गोठायचा. एक दिवस तिनं फोन केला, "मॅडम, आमच्या गावात वर्ग काढाल का? शिकणाऱ्या बऱ्याच जणी आहोत. डेअरीवरचा हॉल मिळेल. फक्त ग्रामसभेत मांडावं लागतं. ग्रामसभा नाही म्हणाली तर मला परीक्षा सोडावी लागेल, पुण्यात राहून शिकणं घरच्यांना झेपणारं नाही."

म्हणजे एका हॉलवर तिची परीक्षा आणि माझं पोट, दोन्ही टांगलेलं. असं हे आमचं पर्यटन.

पहिला दिवस: भंडारदरा

पुण्याहून निघायचं तर नाशिक रस्त्यानं, आणि चाकण उजाडायच्या आत मागे टाका. उजाडल्यावर चाकण तुम्हाला सोडत नाही. आळेफाट्याला मिसळ खाल्ली, संगमनेरहून नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडे वळलो, राजूरच्या पुढे रस्ता वळणांचा आहे पण चांगला आहे. सुनीला गाडी चालवते तेव्हा गप्प बसत नाही, वळणावर तर मुळीच नाही. राजूर ते भंडारदरा या टप्प्यात मला तिच्या दोन्ही नणंदांचा संपूर्ण इतिहास कळला.

कार्यशाळा धरणाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये होती. विषय 'डिजिटल साधनं', आणि रेंज शून्य. वक्ते पडद्यावर एक गोल फिरणारं चक्र दाखवत होते आणि आम्ही सगळे भाषाशिक्षक ते भक्तिभावानं पाहत होतो. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि सरळ बोलायला लागले, तेव्हा मात्र कामाचं कळलं. ज्यांना या वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकते. शौकासाठी भाषा शिकणारे कमी झालेत, पोटासाठी शिकणारे वाढलेत. नर्स, वृद्धांची काळजी घेणारे, वेल्डर, हॉटेलात काम करणारे. यांना शिकवायचं तर शहरात बसून चालत नाही. परीक्षक होण्याचं प्रशिक्षण घेऊन ठेवा, त्यातून वर्षभर काम मिळत राहतं. भाषांतर यंत्र करतं, पण तपासायला माणूस लागतो. आणि पुस्तकं विकत घेण्याआधी त्या-त्या देशांच्या सांस्कृतिक केंद्रांची वाचनालयं पाहा, शिक्षकांना तिथे बरंच काही मिळतं.

जेवण मात्र रिसॉर्टमध्ये घेऊ नका. थोडं खाली एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला, माणशी दीडशेच्या आत. आमच्यातल्या फ्रेंचच्या सरांनी इतक्या भाकऱ्या खाल्ल्या की खानावळवाल्या काकू म्हणाल्या, "सर, तिकडं भाकरी देत न्हाईत का?" सर पुण्यातल्या कोथरूडचे आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

दुसरा दिवस: कोल्हार

सकाळी धरणाच्या भिंतीवर थोडं हिंडून पुन्हा संगमनेर गाठलं आणि लोणीवरून कोल्हार. हंगाम जोरात होता. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्ता अडवून चालले होते, आणि कोल्हारनंतर नगर-मनमाड रस्ता लागला की तुमची मान आणि कंबर यांची नव्यानं ओळख होते. या रस्त्याचं काम चालू आहे असं मी शाळेत असल्यापासून ऐकते. गाडी उंच असेल तर बरं, नसेल तर सावकाश चला.

प्रवरेच्या पुलाजवळ अश्विनी पिशवी घेऊन उभी होती. मी तिला पहिल्यांदाच सलग हलताना पाहत होते. भगवतीचं दर्शन घेतलं, पेरू घेतले, आणि ती मागच्या सीटवर बसून धास्तावलेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, दादाभाऊ विरोध करणार."

दादाभाऊ म्हणजे गावचे जुने सरपंच. गाव हिवरे बाजारच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण आताच्या सरपंच मंदाताईंनी बजावलंय, "नाव टाकू नका बाई. लोक बसा भरून येत्यात, पानी कसं अडवलं ते बघत्यात, आन् बाटल्या टाकून जात्यात." पूर्वी अर्धं गाव दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं. दादाभाऊंनी शेजारच्या गावाचं पाहून बांध घालून घेतले, विहिरींना पाणी आलं, लोकांनी गाई घेतल्या आणि जाणं थांबलं. गावातून कोणी पोटासाठी बाहेर जात नाही, हा दादाभाऊंचा आयुष्यभराचा अभिमान. आणि आम्ही नेमक्या बाहेर जायची भाषा शिकवायला निघालो होतो.

मुक्काम अश्विनीच्या घरी. तिची आई हिराबाई कमी बोलणारी. आम्ही पोचलो तेव्हा ती गोठ्यात होती, धारा झाल्यावर हात धुऊन आली आणि म्हणाली, "जेवा." वर्गाबद्दल एक अक्षर नाही. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, गरम दूध. अश्विनी माझ्या कानात पुटपुटली, "आई काही बोलत नाही म्हणजे तिलाही नको असणार." मला जेवण गोड लागेना. दुसरी भाकरी मी तरीही घेतली.

तिसरा दिवस: आधी फावडं, मग भाषा

या गावाची एक रीत आहे आणि ती आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. ग्रामसभेत जो विषय मांडणार, त्यानं त्या सकाळी सगळ्यांबरोबर श्रमदान करायचं. घाम न गाळता मागणं मांडता येत नाही. मी सभेसाठी खास इरकली नेसले होते. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि हातात घमेलं दिलं.

बांधातला गाळ काढायचा होता. सुनीला सलवार-कमीजमध्ये होती, त्यामुळे ती फार उत्साही. मी पदर खोचला. शेजारच्या बायका माझ्या घमेल्यात मुद्दाम कमी गाळ टाकत होत्या, हे मला उशिरा कळलं. मी म्हटलं, "भरा की पूर्ण." त्यातली एक हसून म्हणाली, "बाई, तुमी पडला तर जर्मन कोन शिकवनार?" कोणीतरी म्हणालं, "जपानी हाय की." सुनीलानं वाकून नमस्कार केला, अगदी जपानी पद्धतीनं, गाळानं भरलेल्या हातांनी.

अंग मोडलं होतं, पण आता सभेत आम्ही पाहुण्या राहिलो नव्हतो.

सभा देवळापुढच्या मंडपात भरली. मंदाताईंनी विषय सांगितला: डेअरीच्या हॉलमध्ये जर्मनचा वर्ग, आणि जमलं तर जपानीचाही. एका शेतकऱ्यानं विचारलं, "दोनीतली सोपी भाषा कंची?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "माझी." तो म्हणाला, "दोन डेअरीवाले बी असंच सांगत्यात." सभा हसली. मला वाटलं, जमतंय.

मग मी ती चूक केली जी फक्त शिक्षकाच्या जातीचा माणूस करतो: नमुन्याचा तास घेतला. पाठ्यपुस्तकातला पहिला धडा. नाव काय, छंद कोणते, शनिवार-रविवारी काय करता. समोरच्या बाईंना मराठीत अर्थ सांगून विचारलं, रविवारी काय करता?

"धारा काढते."

"आणि शनिवारी?"

"म्हशीला शनवार-आयतवार कळत न्हाई, बाई."

छंद विचारला तेव्हा तर मंडप इतका हसला की माईकनं शिट्टी मारली. युरोपात छापलेलं ते महागडं, रंगीत पुस्तक माझ्या हातात होतं, आणि त्यात या माणसांच्या उपयोगाचं एक पान नव्हतं.

हसू ओसरलं आणि दादाभाऊ उठले. पांढरी टोपी, सरळ पाठ. रागावलेले नव्हते, हेच जास्त कठीण होतं.

"बाई, तुमी सकाळी गाळ काढला, तुमचा मान हाय. पन आमी ह्या गावात पानी अडवलं, तशी मानसं बी अडवली. लई वर्सं गेली त्याला. आता तुमी पाट काढून द्यायला आलाय. आज एक पोरगी जाईल, उद्या धा जातील. मग हितं म्हातारे आन् गाई. त्या हॉलला आमी हातानं विटा लावल्यात. गाव रिकामं करायला तो मी देनार न्हाई."

 त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी बरेचसे खरंच परतलेले नाहीत. अश्विनी मान खाली घालून बसली होती. मंदाताईंनी विचारलं, "आनखी कुनाला बोलायचंय?"

बायकांच्या बाजूनं हिराबाई उठली. अश्विनीनं दचकून वर पाहिलं.

"दादाभाऊ, तुमी पानी आनलं म्हनून माझा कोयता सुटला. ते मी इसरनार न्हाई. पन मी गेल्ते तवाचं सांगते. पार कर्नाटकात गेल्तो आमी. तिथली भाषा येत न्हवती. मुकादम म्हनंल ते खरं. ही पोटात हुती तवा ताप भरला, दवाखान्यात नेलं, डाक्टर काय इचारतोय ते कळंना. मुकादम आपला मनानंच सांगत हुता, बाई बरी हाय, उद्या कामावर येतीय. मला न्हाई म्हनायचं हुतं. शब्द न्हवता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जानारी जातीच. आपन अडवलं तर चोरून जाईल, एजंटाच्या मागं जाईल. ज्यांना जायचं हाय त्यांना बोलता येऊन जाऊ द्या. माझ्या पोरीच्या वतीनं दुसरं कुनी बोलू नये. एवढंच."

ती बसली. दादाभाऊ उभेच होते. त्यांनी टोपी नीट केली. म्हणाले, "हिरा, तू आजवर सभेत एकदा बी बोलली न्हाईस."

"गरज पडली न्हवती," हिराबाई म्हणाली.

बहुतेकांचे हात वर झाले. दादाभाऊंनी आपला हात वर केला नाही, पण मोजणी झाल्यावर त्यांनीच अट घातली: हॉल द्यायचा, पण बाईंनी आठवड्यातले तीन दिवस गावात राहायचं, आणि त्या दिवसांत श्रमदान असलं तर यायचं. मी हो म्हटलं. जपानीचा विषय पुढच्या सभेला ठेवला. सुनीला परतीच्या वाटेवर सुप्यापर्यंत अबोल होती, आणि शिरूरला हुरड्याची पाटी दिसल्यावर पुन्हा बोलायला लागली.

घरी

तुम्ही हा प्रवास करणार असाल तर थंडीत करा, रस्त्यात हुरडा मिळतो. दोन दिवस भंडारदऱ्याला द्या, नगर-मनमाड रस्ता दिवसाउजेडी संपवा. आणि भाषा शिकवत असाल तर रंगीत पुस्तक घरी ठेवून जा.

माझे खांदे आठवडाभर दुखले. सुनीला फोन करून रोज विचारते, जर्मन भाषेत आयोडेक्सला काय म्हणतात. दादाभाऊंचं बोलणं अजून मनात टोचतं.  अश्विनी जाईल आणि कदाचित परतणार नाही, आणि त्यात माझा हात असेल. हे माहीत असून मी जाते आहे.

सोमवारी पहिला तास. काल रात्रीपासून मी धडा नव्यानं लिहायला बसले आहे. इतकी वर्षं मी पहिल्या दिवशी 'माझं नाव अमुक' यानं सुरुवात केली. नाव त्यांचं पासपोर्टवर असेलच, ते कोणीही वाचेल. म्हणून पहिल्या पानावर तीनच वाक्यं ठेवली आहेत.

मला समजलं नाही, पुन्हा सांगा.

मला दुखतंय.

नाही.