सासऱ्यांच्या कात्रीला मी लावलेली धार

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कारण साधं आहे: ऐकणाऱ्यांपैकी निम्मे त्या लग्नात जेवले होते आणि उरलेले निम्मे मला हुशार समजत होते. आता दोन्हीकडची माणसं बरीच कमी झाली. (माझा नंबरही फार लांब नसावा.) तेव्हा सांगून टाकतो.

माझे सासरे दौंडात शिंपी होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. रेल्वेतल्या कितीतरी गार्डांचे कोट त्यांच्या हातचे. त्यांची कात्री हातभर लांब, काळी, उचलली तर मनगट दुखावं अशी. ज्या रहीमचाचांकडे ते काम शिकले, त्यांनी ती दिलेली. घरात तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. सासूबाईंनी एकदा तिनं कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा कापला, तर मामा त्या दिवशी जेवले नाहीत!

मी शिरूरला राहायचो आणि रांजणगावच्या एका कंपनीत टूलरूमला होतो. बोथट झालेली हत्यारं ग्राइंडिंगच्या मशीनवर घासून त्यांना धार लावायची, हे माझं काम. त्यात एकच मंत्र: धार दगड लावतो, पण पीस, म्हणजे घासायचं हत्यार, माणसानं नीट बसवायचा. जरा तिरका बसला की अँगल गेला, अँगल गेला की हत्यार गेलं. नव्या पोरांवर मी दिवसभर ओरडायचो, "आधी पीस बसव, मग बटण दाब!"

असा हा विद्वान धाकट्या मेहुणीच्या लग्नाआधी सासुरवाडीला गेला.

मामांच्या घरची रीत अशी, की होणाऱ्या जावयाचा लग्नातला कोट सासऱ्यानं स्वतः बेतायचा आणि स्वतः शिवायचा. माझाही त्यांनीच शिवलेला. या वेळी मामांनी पुण्याहून भारी कापड आणलं होतं. ठाणातला शेवटचा तुकडा, अगदी बेताचा.

"कात्री जरा जड चालतीया," मामा म्हणाले. "धारवाल्याकडं टाकतो."

"धारवाला?" मला अपमानच वाटला. "मामा, घरात टूलरूमचा माणूस असताना?"

"त्यो लई वर्सं लावतोय हो. त्याला तिची सवय हाय."

"तो पायानं चाक फिरवतो! आमच्याकडं मोठं मशीन आहे, मामा."

आतून माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, राहू द्या. आपली विळी तुम्ही सरळ केलीत, ती अजून माळ्यावर पडलीय." (विळीचा विषय वेगळा आहे.)

मामांनी कात्री मऊ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. तान्हं मूल द्यावं तशी.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी तिचा बोल्ट काढला आणि पाती वेगळी केली. एक पातं आतली बाजू वर करून मशीनच्या लोहचुंबकावर बसवलं, हलू नये म्हणून खाली पॅकिंग दिलं, वर उंचसखलपणा दाखवणारा डायल फिरवला. काटा हलला! पात्याच्या मधोमध हलकासा खोलगटपणा. 'वापरून वापरून झिजलीय बिचारी,' असं म्हणून मी तो खोलगटपणा नाहीसा होईपर्यंत घासत राहिलो. मग दुसरं पातं. शेवटी काटा जागचा हलेना. पात्यात माझं तोंड दिसत होतं. (ते मला तेव्हा देखणं वाटलं.)

दौंडला मामांनी शेजाऱ्यांना बोलावून कात्री दाखवली. "आरसा केलाय, आरसा! आमच्या जावईबापूंचं काम!" मग त्यांनी चालवून बघायला जुना पेपर उचलला. इथं मी जन्माची माती खाल्ली. त्यांचा हात धरून म्हणालो, "कागदावर कसली ट्रायल, मामा? डायल लावून आणलीय!"

मामा ओशाळले. त्यांनी पेपर ठेवला, कोटाचं कापड अंथरलं, खडूची रेघ मारली आणि कात्री घातली.

चार बोटं नीट कापलं. पुढं कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसलं. कात्री कापेना, नुसती चावू लागली! मामांनी बोल्ट आवळला, जोर लावला आणि कात्री रेघ सोडून आत घुसली. कोटाची डावी बाजू दोन बोटं कमी पडली.

मामांनी कात्रीकडं पाहिलंच नाही. ते स्वतःच्या हाताकडं बघत बसले.

"हात हालला माझा."

"कापड हलकं असेल, मामा," मी म्हणालो.

"कापड भारी हाय. हात गेला."

लग्नात कोटाचं बटण लागेना. तोडगा अर्थातच मी काढला: नवरदेवानं डावा हात सतत पोटावर ठेवायचा! त्या बिचाऱ्यानं ठेवला. कुणीतरी त्याला ओवा आणून दिला, कुणी सोडा पाजला, त्यामुळं मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाला ढेकर आली. हार घालायला त्यानं दोन्ही हात वर केले आणि कोट उघडला.

"शिंप्याचा जावई आन् कोटाला बटण लागंना?" विहीणबाई भर मांडवात म्हणाल्या. "मापं इसरला व्हय, व्याहीबुवा?"

मामांनी हात जोडले. "म्हातारा झालो, विहीणबाई."

मी तेव्हा अक्षता शोधत होतो. (मांडवात भरपूर होत्या.)

मुलगी सासरी गेल्यावर सुमन मांडवातल्या माळांचे दोरे कापत बसली होती. तिच्या हातातली छोटी कात्री मिटलेली असतानाही पात्यांमधून उजेडाची बारीक फट दिसत होती. मी मामांची कात्री मिटून उजेडात धरली. फट नाही! मग डोक्यात प्रकाश पडला. पाती आतून खोलगट ठेवतात, म्हणूनच धारेला धार भिडते आणि कापड कापतं. झीज कसली, ती तर तिची घडण होती. पीस मी अगदी अचूक बसवला होता. फक्त जी बाजू दगडाला दाखवायचीच नसते, ती वर करून.

"अहो, सांगून टाका आमच्या आण्णांना," सुमन म्हणाली.

"सांगतो की."

तोवर मामांनी गार्डांच्या कोटांची कापडं न शिवताच परत पाठवायला सुरुवात केली होती. मी नवी कात्री नेऊन दिली, तर म्हणाले, "कात्री बदलंल, जावईबापू. हात कुठनं बदलू?" आणि शिलाई मशीनवर चादर टाकली.

नंतर दर खेपेला मी एसटीत वाक्य पाठ करत जायचो: 'मामा, हात तुमचा नाही, अक्कल माझी गेली.' शेवटच्या खेपेला मामा ओट्यावर पडून होते. शेजारी बसलेल्या माणसाला सांगत होते, "ह्ये आमचं थोरलं जावई. लोकाच्या हत्याराला धार लावत्यात. कवा चूक न्हाई."

"मामा," मी म्हणालो.

"बोला."

"ते... चहा सांगू का?"

"सांगा की. बिनसाखरेचा."

त्यानंतर महिन्याभरात मामा गेले. स्वतःच्या हातावर रुसूनच गेले. आणि त्यांची माफी मागायला शिरूरहून निघालेला मी, त्या शेवटच्या खेपेला दौंडात दोन कप चहा पिऊन आणि वर शाबासकी घेऊन परत आलो होतो.