बापूसाहेबांच्या जर्मन गाडीचे ब्रेक

"तात्या, ब्रेक दाबला होतात ना?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"दाबला म्हंजे? पार उभा ऱ्हायलो त्याच्यावर. पन गाडी थांबंचना."

हे गेनूतात्या. मिरजगावच्या बापूसाहेबांचे ड्रायव्हर. वय साठीच्या आसपास, डोक्याला मुंडासं, पायात कातडी जोडे. आमच्या समोर बापूसाहेबांची जर्मन गाडी उभी होती. आकाराने आपल्या देशी गाड्यांएवढीच, पण आत चामड्याच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड, आणि दार लावलं की नुसता भारदस्त ‘थप्’. मुंबईच्या एका वकिलातीतल्या साहेबाने विकायला काढली आणि बापूसाहेबांनी हौसेने घेतली. जिल्ह्यात तशी दुसरी गाडी माझ्या तरी पाहण्यात नव्हती. आता तिचा बंपर वाकला होता, हेडलाइटच्या वर गेरूचे पट्टे ओढले होते आणि दोन्ही आरशांना गोंडे लटकत होते.

आदल्या दिवशी पोळा झाला होता. दुष्काळाचं साल. चारा नाही म्हणून बहुतेक गावाने बैल विकून टाकले होते, बापूसाहेबांनीसुद्धा. मिरवणुकीला जेमतेम पाच जोड्या निघाल्या. एवढीशी मिरवणूक बरी दिसेना, तेव्हा कुणीतरी सुचवलं की बापूसाहेबांची गाडी मागे लावा. लावली. पुढे हलगीवाले, मग पाच जोड्या आणि शेवटी जर्मन गाडी, अशी वरात मारुतीच्या देवळापाशी आली. हलगी थांबली. बैल थांबले. गाडी काही थांबली नाही. बैलांना वाचवायला तात्यांनी स्टिअरिंग वळवलं, ते थेट मांडवात. तिथे सरपंच खुर्चीवर बसले होते. गाडी इतकी हळू होती की ते पडले नाहीत, खुर्चीसकट दहा-बारा फूट पुढे सरकत गेले आणि देवळाच्या ओट्याला टेकून थांबले. हातातला नारळही सुटला नाही म्हणे.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण साऱ्या गावासमोर बापूसाहेबांची शोभा झाली आणि त्याचं खापर फुटलं माझ्या डोक्यावर. कारण आठच दिवसांपूर्वी त्या गाडीचे ब्रेक मी केले होते.

मी तेव्हा नगरला एका गॅरेजात कामाला होतो. आमचे उस्ताद युसूफभाई, मिलिटरीच्या वर्कशॉपात हात बसलेला माणूस. बापूसाहेबांचा निरोप आला तेव्हा ते ओरडले नाहीत, आणि ते ओरडले नाहीत की समजावं, आता काही खरं नाही. शांतपणे म्हणाले, "ब्रेक तू केलास. जाऊन बघ. चूक तुझी निघाली तर पाने इथं ठेव आणि घरी जा." माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. मिळाली ती एसटी पकडून मिरजगाव गाठलं.

आता ब्रेकचं थोडं सांगतो. पेडल दाबलं की नळ्यांमधलं तेल पुढे सरकतं आणि चाकातल्या दोन शूजना बाहेर ढकलतं. शू म्हणजे एक अर्धगोल लोखंडी पट्टी, तिच्यावर खरखरीत लायनिंग बसवलेलं. ते लायनिंग चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासतं आणि चाक थांबतं. एवढंच. पेडल पायाखाली खचत असेल तर तेल गळतंय किंवा नळीत हवा शिरलीय. पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर लायनिंग घासायच्या ऐवजी घसरतंय.

मी पेडल दाबून पाहिलं. घट्ट. गाडी चालू करून अंगणात थोडी पुढे घेतली आणि ब्रेक मारला. गाडी निवांत गेली आणि पाण्याच्या हौदाला टेकली.

"वा मिस्त्री," ओसरीवरून बापूसाहेब म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी जॅक लावला. तेवढ्यात एक कुत्रं येऊन चाक हुंगायला लागलं. हाकललं. दुसरं आलं. बघता बघता चार झाली, प्रत्येक चाकाला एक. गावातली कुत्री गाडीची चाकं हुंगतातच, त्याचं मला काही वाटलं नाही. पण ही कुत्री चाक चाटत होती.

पहिलं चाक उतरवून ड्रम काढला. लायनिंगवर पिवळा ओशट थर. मी डोक्याला हात लावला. मला वाटलं ॲक्सलचं ऑइल सील गेलं. सील म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग. ती फाटली की तेल शूवर येतं. त्या गाडीचं सील मुंबईतही मिळण्याची मारामार. पण दुसरं चाक खोललं, तिथेही तोच पिवळा थर. तिसऱ्यात तेच, चौथ्यातही तेच. चार सीलं एकाच दिवशी ठरवून फाटत नाहीत. बोट फिरवून नाकाशी नेलं.

साजूक तूप. हळद घातलेलं.

ब्रेकवर मी ग्रीस पाहिलंय, डिझेल पाहिलंय, एकदा तर काकवी पाहिलीय. तूप पहिल्यांदाच. मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाठ करून जॅकचा दांडा पुसत होते. दांडा चांगला स्वच्छ होता.

"तात्या, हे काय आहे?" मी हळूच विचारलं.

"खांदं मळलं," ते म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात. वर्षभर जिथे जू बसतं, तिथली कातडी निबर होते, म्हणून त्या जागेला हळद-तूप लावून चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे मला ठाऊक होतं. पण मी म्हटलं, अहो, गाडीला खांदा कुठे असतो?

"तुमीच दावला की."

आणि मग मला आठवलं. ब्रेकचं काम चालू असताना तात्या शेजारी उकिडवे बसले होते, आणि मी मोठ्या शहाणपणाने त्यांना शू दाखवून सांगितलं होतं, की तात्या, ब्रेक मारला की गाडीचा सगळा भार येतो तो इथे. तात्यांनी ते नीट ध्यानात ठेवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बसून चारही चाकं उतरवली, ड्रम काढले, आठही शूंना तूप चोळलं आणि सगळं जिथल्या तिथे बसवलं. एक नट ढिला नव्हता. तेवढं मात्र मानलं पाहिजे. मग बॉनेटवर हात ठेवून आवतणही दिलं.

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. माझी नोकरी जायची वेळ आली होती ती एक वाटी तुपापायी! पण खरं सांगितलं तर तात्यांची नोकरी जाणार. ह्या वयात त्यांना दुसरं कोण ठेवणार? खडी फोडायला जावं लागलं असतं. मी विचार केला आणि म्हटलं, "सील फाटलं म्हणून सांगतो. जुनी गाडी आहे, होतं असं. तुमचं नाव नको, माझंही नको."

तात्यांनी मान हलवली. "नगं. तिनं काय केलंय? तिच्यावर आळ नगं."

मी हात टेकले.

तात्या मुंडासं काढून ओसरीसमोर उभे राहिले आणि सगळं स्वतःच सांगितलं. बापूसाहेबांचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं, आता संपलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तूप कुटनं आणलंस?"

"आईसाहेबांनी दिलं. वाटीभर."

आतून मालकीणबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि दार लोटल्याचा आवाज आला. बापूसाहेबांनी तिकडे पाहिलं, परत तात्यांकडे पाहिलं. "अरे, पण का गेनू?"

"तीस वरीस ह्या दावणीला खांदं मळलं, मालक. औंदा बैल न्हाईत, हात कशाला लावू?"

बापूसाहेबांनी रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. बैल त्यांनीच विकले होते. मग उठून आत गेले आणि चिठ्ठी लिहून आणली, उस्तादांच्या नावे. दोनच ओळी होत्या: ‘ब्रेकचे काम उत्तम होते. तूप आमचे होते.’

तात्यांची नोकरी राहिली. मला एवढंच विचारलं, की मिस्त्री, ब्रेक सोडून कुठे लावलं तर चालतं? मी म्हटलं, दाराच्या बिजागऱ्यांना. त्यांनी मान डोलावली.

तूप प्यालेलं लायनिंग कितीही पेट्रोलने धुतलं तरी पुन्हा पकडत नाही. ते टाकूनच द्यावं लागतं. हायवेवरच्या एका मिस्त्रीकडून ट्रकचं लायनिंग आणलं, मापाने कापलं, शूवर रिव्हेट मारून बसवलं. त्या गाडीचे ब्रेक पुढे कधी चुकले नाहीत. उस्तादांनी चिठ्ठी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या गाडीकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या साली पाऊस झाला आणि बापूसाहेबांनी बैलजोडी घेतली. त्याच दिवशी तात्यांनी गाडीची किल्ली मालकांच्या हातात ठेवली आणि गोठ्यात निघून गेले. मग बापूसाहेब स्वतःच गाडी चालवायला लागले, त्यामुळे आमच्याकडे बंपरचं काम वाढलं.

मी मात्र एक शिकलो. ब्रेक समजावून सांगण्याआधी ड्रायव्हरला विचारतो, की गाडीच्या आधी काय हाकत होतात? ‘बैल’ म्हणाला, तर त्याच्या हातात ग्रीसगन देतो आणि ती कुठे कुठे मारायची तिथे खडूने खुणा करून देतो. त्याला हात लावायला काहीतरी हवंच असतं.