उकळूनही न सुटणारी गाठ

बाबांचा उजवा डोळा मधुमेहानं आधीच नेला होता. उरलेल्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावरही नको त्या रक्तवाहिन्या वाढायला लागल्या होत्या. धंतोलीतल्या डॉक्टरांनी बजावलं, इंजेक्शन उद्याच द्यायचं. उशीर झाला तर हाही डोळा हातचा जाईल.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. त्या वाहिन्यांना वाढायला लावणारं प्रथिन मी फळ्यावर कितीदा काढलंय. त्याच्या साखळीत गंधकाचे तीन टाके असतात. दोन टाक्यांचं मिळून एक कडं होतं आणि तिसरा त्या कड्यातून आरपार जातो. वर्गात मी त्याला देखणं म्हणायचे. त्या आठवड्यात ते चित्र काढताना मला धडकी भरली.

हे काय प्रकरण आहे ते बाबांना समजून घ्यायचं होतं. पायजम्याच्या नाडीची तशीच गाठ करून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली, ओढून पाहिली.

"उकळल्यानं सुटते काय वं हे?"

"सहजासहजी नाही बाबा."

"लय हट्टी हाय मंग," ते म्हणाले आणि त्यांनी नाडी खिडकीच्या गजाला अडकवून ठेवली.

सदर भागातल्या औषधाच्या दुकानातून इंजेक्शन आणलं तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मी ते फ्रिजच्या मधल्या खणात ठेवून कॉलेजला गेले. गोठवू नका, असं खोक्यावर छापलेलं होतं. ते वाचण्याइतकी बाबांची नजर उरली नव्हती.

सकाळी खोकं जागेवर नव्हतं.

"वर बर्फात ठेवलं ना मी," बाबा खुशीत म्हणाले. "गरमीनं तं ते सुटत नाही. मनलं, कडक थंडीनं औषधाले जोर येईन."

कुपी दगडासारखी गोठली होती. त्या हट्टी प्रथिनाला रोखणारं औषधही प्रथिनच, पण त्याच्या अंगी तो चिवटपणा नाही. एकदा गोठलं की भरवसा संपला. शत्रूला उकळतं पाणी चालतं आणि आपल्या माणसाला बर्फही सोसत नाही, याचा मला भयंकर संताप आला. बाबांवर ओरडण्याऐवजी मी दुकानात फोन लावला.

नवा माल यायला चार-पाच दिवस लागतील, असं दुकानदार म्हणाला. डॉक्टरांनीही दुसरीकडे विचारलं, मिळालं नाही. बाबा रोज सकाळी खिडकीशी उभे राहून ती गाठ निरखायचे. किती दिसतंय, हे विचारायचं मी टाळत होते.

इंजेक्शन आलं त्या सकाळी मी त्यांना बोलवायला गेले. ते खिडकीशीच होते.

"गाठ सोडली काय वं तू? मले दिसून नाही राहिली."

नाडी गाठीसकट त्यांच्या समोरच, गजाला लटकत होती.