चार कोरी पानं

प्रकाशनाला अजून दोन तास होते. श्रीगोंद्याच्या मंगल कार्यालयात मांडववाले खुर्च्या लावत होते. दारापाशी टेबलावर तीनशे पुस्तकं रचून ठेवली होती. भागूबाईंनी वरचं उचललं, चष्मा लावला आणि सरळ शेवट उघडला. चार पानं वाचून त्यांनी पुस्तक टेबलावर असं आपटलं की खुर्च्या लावणारे थांबले.

"ह्ये कुनी लिव्हलं?"

पुस्तक त्यांच्या चुलत्याचं होतं. सहादेव काका कोरडवाहू शेतकरी. अक्षरओळख नव्हती, पण चाळीस वर्षं जत्रांमधल्या तमाशाच्या फडात त्यांचे वग गाजले. काका बोलायचे आणि चौथी शिकलेली पुतणी वहीत उतरवून घ्यायची. पुढे भागूबाईंचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, तीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली. पण काकांच्या वह्या कधी कुणाच्या हाती दिल्या नाहीत. गेल्या वर्षी पहिल्यांदा दिल्या, त्या स्नेहलला.

स्नेहल कॉलेजात संगणक शिकवायची. दर रविवारी ती मोबाईलवर वह्यांचे फोटो काढायला यायची आणि भागूबाई तिला एकेक गोष्ट सांगायच्या. विहिरीवर पहिली विजेची मोटार बसली, त्या साली काकांच्या वगातल्या राणीचा जीव मोटारीत जाऊन बसला. वीज गेली की राणी बेशुद्ध. ग्रामपंचायतीत फोन आला, तर यमाचा राँग नंबर लागून भलत्याच माणसाचे प्राण गेले. स्नेहल पोट धरून हसायची.

सगळ्यांत गाजलेला, म्हणून पुस्तकात शेवटी घेतलेला वग 'वजनकाट्याचा राजा'. हा राजा प्रजेची तक्रार उसासारखी काट्यावर चढवायचा आणि दर वेळी काटा हलकाच दाखवायचा. शेवटी एक तक्रार अशी यायची की काटाच मोडायचा. ती तक्रार कुठली, हे वहीत नव्हतं. तिथं चार कोरी पानं होती.

ती मुद्दाम कोरी होती. जत्रेच्या गावात उतरलं की काका न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचे आणि भागू बायकांबरोबर पाण्यावर जायची. दुपारपर्यंत त्या गावचं खरं दुखणं दोघांना कळलेलं असायचं. रात्री तेच काट्यावर चढायचं. दुसऱ्या गावात दुसरं. एकदा झालेला शेवट पुन्हा कधी व्हायचा नाही, आणि काका तो लिहूही द्यायचे नाहीत.

आता त्या चार पानांत राजानं पश्चात्तापानं रडून प्रजेची माफी मागितली होती. त्यानं स्वतःच काटा मोडला होता आणि प्रजेनं आनंदाश्रू ढाळले होते.

"आजी, मी... म्हणजे संगणकानं लिहिलंय ते," स्नेहल म्हणाली. "काकांचे सगळे वग त्याला वाचायला दिले. त्यांच्याच भाषेत लिहिलंय. काकांना नवं यंत्र आवडायचं, तुम्हीच सांगितलंत. त्यांच्याकडे संगणक असता तर..."

"असता तर? मी सांगते काय झालं असतं! त्यानं मोटार वगात घेतली, मोटारीकडनं वग लिव्हून न्हाई घेतला. तुजा कंप्युटर त्याला घावला असता, तर राजाच्या शेजारी परधान म्हनून बशिवला असता. राजानं इचारलं असतं, परजा कशी हाय? ह्यो म्हनला असता, लई खुशीत हाय म्हाराज. मग सोंगाड्या म्हनला असता, कदी गेल्तास बगायला? जालं! तिथंच ह्येची बोलती बंद!"

मांडववाले हसले. भागूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा खुर्च्यांकडे वळले.

"मला वाटलं शेवट लिहायचा राहून गेला," स्नेहलचा आवाज बारीक झाला. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

हे मात्र खरं होतं. वर्षभर रविवार बोलण्यात गेले आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं. फडातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट कुणाला सांगावी लागेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. भागूबाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ते करता येईना, म्हणून त्यांनी पुस्तक पुन्हा उचललं आणि शेवटची पानं टरकन ओढून काढली. मग दुसरं घेतलं.

तेवढ्यात काकांचा नातू सुनील धावत आला. समारंभ त्यानंच ठेवला होता. त्यानं त्यांचा हात धरला. "आत्या, पाहुणे नगरहून निघालेत! चार पानांसाठी तमाशा कशाला? कोरी छापली असती, तर लोक म्हणाले असते छपाई चुकली."

"सुन्या, तुज्या आज्याचा उजवा हात वाकडा का हुता?"

"बैलगाडीवरून पडले होते ना."

"तुज्या आज्जीनं पोरास्नी तसं सांगितलं. एका गावात सरपंचानं अर्ध्या वस्तीचं पानी तोडलं हुतं. काकानं त्येच काट्यावर चढवलं, त्येच्या तोंडासमोर, नाव घिऊन. पडदा पडायच्या आत सरपंचाची मानसं वर चढली. म्या हात मोडताना आवाज ऐकलाय. त्यो म्हनला, शेवट जमला. आन् तुमी तितं राजाला रडवता? ज्या पानासाठी हात मोडून घेतला, त्या पानावर माफी?"

सुनीलनं त्यांचा हात सोडला. मग त्यानं पुस्तकांचा एक गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

स्नेहलनं डोळे पुसले आणि पर्समधून स्टीलची पट्टी काढली. शेवटच्या पानांवर ती नीट शिवणीलगत दाबून धरली, कड सरळ निघावी म्हणून.

भागूबाईंनी पट्टी तिच्या हातातून हिसकावून घेतली.

"सरळ न्हाई. वाकडंतिकडं फाड. फाडलंय, ह्ये दिसलं पायजे."